गरज आणि इच्छा : लोखंडी नांगर व चहा यांच्या प्रसाराचा तुलनात्मक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांतून उपभोग्य वस्तूंचे तीन वर्ग सांगितलेले असतात : आवश्यक वस्तू, सुखसोयीच्या वस्तू आणि चैनीच्या वस्तू. पहिल्या वर्गातील वस्तूंची मनुष्यास गरज असते व उरलेल्या दोहोंची केवळ इच्छा असते, असे या वर्गीकरणाच्या मुळाशी गृहीत धरलेले असते. अध्यापनास ते सोयीचे आहे. परंतु त्याच्या आधारे एखाद्या प्रदेशातील व्यवसायाचा इतिहास लिहू गेल्यास पहिल्याच पावलाला अडचण उभी राहते. ज्या वस्तूची लोकांना गरज होती असे आज आपण निःशंकपणे म्हणतो ती त्या काळच्या लोकांनी वर्षानुवर्षे घेतली नाही, आणि जिची कोणाला कसलीही गरज नव्हती ती मात्र दोन-तीन पिढ्यांच्या अवधीत घरोघर जाऊन पोहोचली, अशी उदाहरणे जागोजाग आढळतात.

या अडचणीची जाणीव जुनी आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आवश्यक वस्तूंची व्याख्या करताना केवळ प्राणधारणेस लागणाऱ्या वस्तूंवर न थांबता, देशरूढीप्रमाणे ज्यांच्यावाचून गरीब पण अब्रूदार मनुष्यासही चारचौघांत वावरणे लाजिरवाणे वाटेल, अशा वस्तूंचाही तीत समावेश केला. लिननचा सदरा हे त्याने दिलेले उदाहरण होय. ग्रीक व रोमन लोक त्याच्यावाचून सुखाने राहिले. परंतु स्मिथच्या काळी युरोपच्या बहुतेक भागांतील रोजंदार मजुरास तो न घालता बाहेर पडणे शक्य नव्हते.

विसाव्या शतकात हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. १९५८ साली जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी असे प्रतिपादन केले की, ज्या मागण्या भागविण्यासाठी उत्पादन चालते त्या मागण्याच जर जाहिरात व विक्रीकला यांच्या द्वारे उत्पादक निर्माण करीत असेल, तर उत्पादनवाढीचे समर्थन मागणीच्या नावाने करता येत नाही. १९६१ साली फ्रीड्रिख हायेक यांनी त्यास उत्तर दिले. अन्न, निवारा अशा थोड्या मूळच्या मागण्या सोडल्यास मनुष्याच्या बहुतेक मागण्या समाजात राहूनच शिकलेल्या असतात. साहित्याची अभिरुचीदेखील उपजत नसते. तेव्हा मागणी शिकलेली आहे एवढ्यावरून ती कमी महत्त्वाची ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट सारखीच गृहीत धरलेली दिसते. गरज वा इच्छा ही व्यक्तीच्या ठायी असते, आणि प्रश्न उरतो तो ती तेथे कशी आली एवढाच, ही ती गोष्ट होय. प्रस्तुत लेखात हे गृहीत तपासून पाहण्याचा विचार आहे. त्यासाठी लोखंडी नांगर व चहा ही दोन उदाहरणे घेतली आहेत. एकात गरज होती, पण इच्छा नव्हती. दुसऱ्यात गरज नव्हती आणि आरंभी इच्छाही नव्हती. दोन्ही वस्तू पुढे रुजल्या. त्या कशा रुजल्या हे पाहिले असता असे दिसून येईल की, वस्तूचे मोल कोणत्या रूपाने, किती तुकड्यांनी व कोणाच्या देखत द्यावे लागते, यावर तिचे 'गरज' किंवा 'इच्छा' असणे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

या दोन विषयांना जोडणारा एक अभ्यासकही आहे. डॉ. हॅरॉल्ड मान हे १९०० ते १९०७ या काळात चहामळेवाल्यांच्या इंडियन टी असोसिएशन या संस्थेचे शास्त्रीय अधिकारी होते. १९०७ मध्ये ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक होते. चहाचे पीक व दख्खनचा शेतकरी हे दोन्ही त्यांनी जवळून पाहिले. त्यांच्या ग्रामपाहणीचा उपयोग पुढे होईल.

२. लाकडी नांगर व बलुते

दख्खनच्या भारी काळ्या जमिनीत हरळी व कुंदा ही दोन तणे शेतकऱ्याची जुनी वैरी होत. त्यांची मुळे खोल जातात आणि नुसत्या कुळवाच्या पाळीने ती निघत नाहीत. बाभळीच्या लाकडाचा जड देशी नांगर ओढण्यास अशा जमिनीत सहा-सहा, आठ-आठ बैल लागत. एवढे बैल एका घरी क्वचितच असत. म्हणून शेतकरी इर्जिक करून किंवा वारंगुळ्याने एकमेकांचे बैल एकत्र आणीत. इतके करूनही हा नांगर जमीन फाडी. ती उलथीत नसे. माती उलथून तणाची मुळे उन्हात वर काढणारे बाकदार पाते हे लोखंडी नांगराचे वैशिष्ट्य होते. शेतीच्या दृष्टीने पाहिल्यास या प्रदेशास अशा नांगराची गरज होती, यात शंका घेण्याचे कारण नाही.

असे असता हा नांगर पुढे आला तेव्हा शेतकऱ्यांनी तो नाकारला. लोखंडाने जमिनीत विष भिनते व ती नापीक होते अशी त्यांची समजूत होती, असे कारण नेहमी सांगण्यात येते. ही समजूत बोलून दाखविली जात असे, हे खरे मानावयास हरकत नाही. परंतु नकाराचे ते पुरेसे कारण नव्हे, हे थोड्या विचाराने ध्यानात येईल. देशी नांगर लाकडी असला तरी त्याचा फाळ लोखंडीच असे. गावच्या लोहाराने घडविलेला तो फाळ पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीत फिरत आला होता आणि त्याने जमीन विषारी झाल्याची तक्रार कोणी केली नव्हती. तेव्हा अडचण लोखंडाची असण्यापेक्षा अन्य कशाची तरी असली पाहिजे.

ती अडचण ग्रामव्यवस्थेत शोधावी लागते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गाव-गाडा' या ग्रंथात वर्णिलेली बलुतेपद्धती लक्षात घ्यावी. सुताराने कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर नीट ठेवावी, लोहाराने फाळ शेवटावा, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर आपला धान्याचा वाटा न्यावा, अशी ही रचना होती. याचा अर्थ असा की, लाकडी नांगरासाठी शेतकऱ्यास एकरकमी रोख पैसा क्वचितच मोजावा लागे. नांगर मोडला तर सुतार गावातच होता, आणि त्याचे देणे पीक आल्यावर, पिकाच्या प्रमाणात व धान्याच्या रूपाने द्यावयाचे होते. पीक बुडाले तर सुताराचा वाटाही बुडे. म्हणजे अवजाराच्या खर्चात दुष्काळाच्या धोक्याची एक प्रकारची वाटणी आपोआप झालेली होती.

लोखंडी नांगराने ही सारी रचना एकदम बाजूस सारली. तो रोख पैसे मागत होता, आणि तेही पीक हाती येण्यापूर्वी. त्याचा ओतीव भाग तुटला तर तो गावच्या भात्यावर सांधता येत नसे. नवा भाग कारखान्यातून मागवावा लागे. दुष्काळाची सर्व जोखीम आता एकट्या शेतकऱ्याच्या शिरावर येत होती. शिवाय गावच्या सुताराचे काम काढून घेतल्याचा दोष पदरी येई तो वेगळाच. ज्याला आपण शेतकऱ्याचे अज्ञान म्हणतो त्यात एवढा हिशेब दडलेला होता. मात्र हा हिशेब बोलून दाखविण्यापेक्षा लोखंड विषारी असते असे म्हणणे सोपे होते.

३. नांगराचा कारखानदार

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये काही वर्षे शिक्षकी केल्यावर ते बेळगावास आले. तेथे बंधू रामचंद्रपंत यांच्या सोबतीने १८८८ पासून सायकलींचा व्यापार चालला होता. सायकल ही त्या काळच्या बेळगावात उघडउघड चैनीची वस्तू होती. तिचे गिऱ्हाईक थोडे, परंतु रोख पैसा बाळगणारे होते. लक्ष्मणराव पुढे कडबा कापण्याच्या यंत्राकडे व त्यानंतर लोखंडी नांगराकडे वळले, तेव्हा ते इच्छेच्या बाजारातून गरजेच्या बाजारात आले, असे वर्गीकरणाच्या भाषेत म्हणता येईल. आणि येथेच माल खपेना. नांगर तयार झाल्यावर सुमारे दोन वर्षे त्यास गिऱ्हाईक मिळाले नाही, ही गोष्ट किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात परदेशी अवजारांची आयात रोडावली आणि देशी नांगरास वाव मिळाला. १९२० साली मर्यादित कंपनी स्थापन झाली, व त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघाले. गिऱ्हाइकांना मालाची माहिती द्यावी या हेतूने निघालेल्या या पत्राचे पुढे महाराष्ट्रातील एका प्रमुख मासिकात रूपांतर झाले, ही घटना केवळ वाङ्मयेतिहासाची नाही. जो कारखानदार गावच्या सुताराची जागा घेऊ पाहतो त्याला सुताराप्रमाणेच गिऱ्हाइकाच्या नित्य परिचयाचे व्हावे लागते. सुतार रोज दिसत असे. कारखाना दिसत नव्हता. छापील पत्राने ते अंतर काही अंशी भरून काढले.

नांगराचा प्रसार कोठे प्रथम झाला हेही पाहण्यासारखे आहे. नीरा, प्रवरा व गोदावरी या नद्यांच्या कालव्यांखालील उसाच्या टापूत, म्हणजे जेथे खोल नांगरटीचा लाभ मोठा होता व गुळाचा पैसा रोख हाती येत होता, तेथे लोखंडी नांगरास अनुकूल भूमी मिळाली. कोरडवाहू गावात गरज कमी नव्हती. रोकड कमी होती. डॉ. मान यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीत असे दिसून आले की, १७७१ साली सरासरी सुमारे ४० एकर असलेले शेतकऱ्याचे धारणक्षेत्र १९१४-१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. सात एकरांच्या मालकास चांगल्या नांगराची गरज चाळीस एकरांच्या मालकापेक्षा कमी असते असे कोण म्हणेल? पण बाजारात त्याच्या गरजेस आवाज नव्हता. अर्थशास्त्रज्ञ जिला परिणामकारक मागणी म्हणतात ती गरजेने ठरत नाही, गरजेच्या पाठीशी असलेल्या क्रयशक्तीने ठरते, हे तत्त्व या आकड्यांत मूर्तिमंत दिसते.

४. पुण्यातील एक चहापान

आता दुसऱ्या उदाहरणाकडे वळू. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका समारंभास शहरातील अनेक प्रतिष्ठित मंडळी हजर होती. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक व गोपाळराव गोखले हे त्यांत होते. तेथे चहा व बिस्किटे देण्यात आली. कोणी घेतली, कोणी केवळ मान राखण्यापुरती हाती धरली. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाचे वर्णन केले आहे.

धार्मिक सुधारणेच्या इतिहासात या प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्याच १८९२ साली रानडे यांनी डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावरील आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले. पाश्चात्त्य अर्थशास्त्राने स्वतंत्र, स्पर्धाशील व स्वहितदक्ष अशी जी व्यक्ती कल्पिली आहे ती या देशास लागू पडत नाही. येथे कराराहून दर्जाचा व स्पर्धेहून रूढीचा प्रभाव अधिक आहे, असे त्यात त्यांचे एक प्रमुख विधान होते. एक पेला चहा पिण्याचे मोल येथे पैशांत नव्हे, तर जातीच्या मान्यतेत मोजले जाते, याचा अनुभव व्याख्यात्यास त्याच सुमारास येत होता. १८९० च्या पुण्यात चहा ही गरज नव्हती, इतकेच काय, सामान्य माणसाची इच्छाही नव्हती. ती कोणाच्या हातून घेतली यावर माणसाचे समाजातील स्थान ठरविणारी वस्तू होती.

५. अधिशेष चहा आणि प्रचारयंत्रणा

आसामचा चहा १८३९ साली लंडनच्या लिलावात आला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. या धंद्याची सारी दृष्टी ब्रिटनच्या बाजारावर होती. मळ्यांच्या देशातील लोक चहा पितात की नाही याची विवंचना मळेवाल्यांना दीर्घकाळ पडली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्पादन मागणीपुढे गेले व किमती घसरल्या, तेव्हा ही विवंचना सुरू झाली. १९०३ साली मळेवाल्यांच्याच मागणीवरून चहा-उपकराचा कायदा झाला. निर्यात होणाऱ्या चहावर पौंडामागे पाव पै इतका अल्प कर बसवून त्याच्या उत्पन्नातून चहाचा प्रचार करावयाचा, अशी योजना होती.

या योजनेचे महत्त्व तिच्या रचनेत आहे. एखाद्या मळेवाल्याने स्वतःच्या खर्चाने लोकांना चहाची सवय लावली असती, तर त्या सवयीचा लाभ त्याच्या प्रतिस्पर्ध्यासही मिळाला असता. म्हणून एकट्याने हा खर्च करणे कोणासही परवडण्याजोगे नव्हते. कायद्याने तो सर्वांवर सारखा वाटला. इच्छा निर्माण करण्याचा खर्च अशा रीतीने सामुदायिक झाला. उलटपक्षी, नांगराची गरज पटवून देण्याचा खर्च एका कारखान्याने एकट्याने सोसला.

प्रथम परदेशांकडे वळलेला हा प्रचार पहिल्या महायुद्धाच्या सुमारास देशातील गिरण्या, कारखाने, खाणी व रेल्वे स्थानके यांकडे वळला. कामगारांसाठी चहाची दुकाने निघाली. स्थानकांवर चहा करण्याची रीत देशी भाषांतून सांगणाऱ्या पाट्या लागल्या. १९२९ नंतरच्या मंदीने किमती कोसळल्या, आणि १९३३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये हिंदुस्थान, सिलोन व डच ईस्ट इंडीज यांनी निर्यातीवर मर्यादा घालून घेतली. बाहेरचा दरवाजा अर्धा मिटल्यावर घरच्या गिऱ्हाइकाचे महत्त्व एकदम वाढले. प्रचारक मोटारी घेऊन गावोगाव गेले, घरोघर चहा करून दाखवू लागले, आणि बाजारात एका पैशाच्या पुड्या आल्या.

विरोध झाला नाही असे नाही. बंगालमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी चहाविरुद्ध लिहिले. महात्मा गांधींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहिले त्यात चहा, कॉफी व कोको यांची शरीरास आवश्यकता नाही, असे स्पष्ट सांगितले. गरज व इच्छा यांतील भेद शरीरशास्त्राच्या कसोटीवर करण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्या कसोटीवर तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु १९४७ च्या सुमारास चित्रकार अन्नदा मुन्शी यांच्या एका भित्तिचित्रात चरखा व चहाचा पेला एकत्र आले आणि चहा स्वदेशी म्हणून मिरवू लागला. ज्या वस्तूच्या मळ्यांवर बहुतांशी परकीय भांडवलाची सत्ता होती तिला स्वदेशीचे वस्त्र चढविण्यात प्रचाराची चतुराई होती. तथापि लोकांनी ते वस्त्र मान्य केले हेही तितकेच खरे.

६. ग्राहकाने केलेला बदल

एवढ्यावरून चहा ही उत्पादकांनी लादलेली सवय होय, असा निष्कर्ष काढला तर गॅलब्रेथ यांचे म्हणणे सिद्ध झाले असे वाटेल. परंतु कथेचा उत्तरार्ध वेगळा आहे. प्रचारकांनी शिकविलेली रीत इंग्रजी होती : किटलीत पत्ती घालावी, वर उकळते पाणी ओतावे, ठराविक मिनिटे मुरू द्यावे, दूध व साखर बेताची घ्यावी. दुकानदारांनी व गृहिणींनी ही रीत बाजूस ठेवली. त्यांनी पत्ती पाण्यादुधातच उकळली, साखर सढळ घातली, आले व वेलदोडा टाकला. प्रचारकांना हे पसंत नव्हते. कारण दूध व मसाला वाढला की पत्ती कमी लागे आणि मळेवाल्यांचा मूळ हेतूच फसे. पण गिऱ्हाइकाने आपला हेका सोडला नाही. गिरणीतील पाळी करून बाहेर पडणाऱ्या माणसास गरम, गोड व घोटभर पोटाला आधार देणारे पेय हवे होते. पत्तीचा सुगंध ही त्याची मागणी नव्हती.

अखेर उत्पादनासच या मागणीकडे यावे लागले. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकरचर यांनी बनविलेल्या यंत्रात पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून निघते. त्यापासून होणारा दाणेदार चहा लवकर उतरतो, दाट रंग देतो आणि थोड्या पत्तीत अधिक पेले होतात. दुधात उकळण्यास तोच योग्य. स्वातंत्र्योत्तर काळात या पद्धतीचा प्रसार झपाट्याने झाला, आणि आज देशातील उत्पादनाचा फार मोठा भाग याच पद्धतीने तयार होतो. एके काळी जवळजवळ सर्व माल बाहेर धाडणाऱ्या या धंद्याचे सुमारे ८० टक्के उत्पादन आज देशातच खपते. उत्पादकांनी इच्छा निर्माण केली हे विधान अर्धे खरे आहे. त्या इच्छेने पुढे उत्पादकांची यंत्रे बदलली, हा त्याचा उरलेला अर्धा भाग होय.

मराठी समाजात चहाने आणखी एक स्थान मिळविले. पाहुण्यास पान-सुपारी देण्याची जी रीत होती तिच्या शेजारी 'चहापाणी' येऊन बसले. घरी आलेल्यास चहा न विचारणे हा अपमान ठरू लागला. स्मिथच्या लिननच्या सदऱ्याप्रमाणे आता चहा ही अब्रूची वस्तू झाली, आणि ज्याच्या घरात दूध-साखर नाही त्या माणसाची पंचाईत चहा न मिळण्याची नसून तो देता न येण्याची झाली.

७. दोन्ही उदाहरणांवरून

या दोन इतिहासांची तुलना केली असता तीन गोष्टी समोर येतात.

पहिली गोष्ट मोलाच्या विभाज्यतेची. चहा एका पैशास मिळत होता. नांगर पैशापैशाने विकत घेता येत नव्हता. म्हणून मंदीच्या काळातही चहाने गरिबाच्या खर्चात शिरकाव केला आणि नांगर मात्र बागाइतदाराच्या दारी थांबला. लहान पुडीत विकण्याची जी युक्ती आज साबण, तेल व इतर अनेक मालांच्या व्यापारात सर्वत्र दिसते तिचे बळ याच तत्त्वात आहे. अशा विक्रीत गरिबाची इच्छा भागते. त्याची भांडवली गरज, म्हणजे विहीर, पंप, अवजार, ही मात्र तशीच राहते. व्यवसाय इच्छांकडे अधिक ओढला जातो याचे कारण व्यापाऱ्याची नीती हलकी असते असे नव्हे. इच्छा तुकड्यांनी विकता येते आणि गरज पुष्कळदा येत नाही, हे होय.

दुसरी गोष्ट जुन्या व्यवहाराची. नांगरास बलुत्याची एक चालू व्यवस्था मोडून आत यावयाचे होते. चहापुढे असा प्रतिस्पर्धी नव्हता. मात्र बलुत्याच्या व्यवस्थेचा विचार करताना तिचे सुरक्षिततेचे अंग तेवढे पाहून भागणार नाही. जो तिच्या तळाशी होता त्याच्या वाट्यास सुरक्षिततेपेक्षा दास्य अधिक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे धान्याच्या वाट्याने जखडलेल्या श्रमास रोख मोबदल्याने मोकळे करण्याची दृष्टी होती. शेतकऱ्यास जो रोख व्यवहार धोक्याचा वाटला तोच दुसऱ्या कोणास मुक्तीचा वाटत होता.

तिसरी गोष्ट साक्षीदारांची. पंचहौदातील पेला कोणाच्या हातून घेतला हा प्रश्न १८९२ मध्ये प्रायश्चित्ताने मिटला. परंतु हॉटेलात दलितासाठी निराळी कपबशी ठेवण्याची चाल त्यानंतर कित्येक दशके उरली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरण्यास मनाई करणे हा गुन्हा ठरविला. ज्या पेयाची शरीरास गरज नाही असे गांधींनी म्हटले होते त्याचा पेला हाती घेण्याचा हक्क संसदेने कायद्याने दिला, यात विसंगती नाही. पेला ही इच्छा असेल. परंतु इतरांच्या पंक्तीस त्याच पेल्यातून पिता येणे ही नागरिकाची गरज होती.

८. गरज कोणी ठरवावी

बाजार गरज व इच्छा असा भेद करीत नाही. तो पैसा पाहतो. म्हणून हा भेद करण्याचे काम समाजास बाजाराबाहेर करावे लागते. आपल्या देशात ते दोन प्रकारे झालेले आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे मान ठरविले. कुटुंबात उपभोगाची तीन एकके धरावी, डॉ. अ‍ॅक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे आहार मोजावा, दरडोई वर्षास १८ वार कापड धरावे, इंधन, दिवाबत्ती व किरकोळ बाबींसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के ठेवावेत, असे ते मान होते. येथे गरज ही उष्मांकात व वारांत मोजलेली आहे. दुसरीकडे, औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक कामगार प्रत्यक्ष काय विकत घेतात यावर रचलेला असतो, आणि त्यात चहाची पत्ती आहे, तयार चहाही आहे. पत्तीचे उष्मांक जवळजवळ शून्य आहेत. म्हणजे शासनाच्या एका कागदात चहास गणतीच नाही, आणि दुसऱ्या कागदात त्याच चहाची किंमत वाढल्यास कामगाराचा महागाई भत्ता वाढतो.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणातील निर्णयात १९५७ च्या मानांत मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभांसह किमान करमणूक, वार्धक्य व विवाह यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घालण्यास सांगितले. चौतीस वर्षांत मनुष्याचे शरीर बदलले नव्हते. बदलली होती ती गरजेची समाजमान्य व्याख्या. स्मिथने सदऱ्याच्या उदाहरणाने जे सांगितले होते तेच न्यायालयाने वेतनाच्या भाषेत मान्य केले, असे म्हणावयास हरकत नाही.

या विवेचनावरून पदव्युत्तर अभ्यासकांपुढे एक कार्य उभे राहते. आपल्या ग्रामीण व नागरी पाहण्यांतून कुटुंबास कशाची गरज आहे हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तरांची कोष्टके तयार होतात. १९०५ साली एखाद्या पाहणीकाराने दख्खनमधील शेतकऱ्यास लोखंडी नांगराची गरज आहे काय असे विचारले असते, तर त्यास नकारार्थी उत्तर मिळाले असते; चहाविषयी विचारले असते, तर कदाचित हसू मिळाले असते. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असती आणि दोन्हींवरून पुढच्या पन्नास वर्षांचा अंदाज सपशेल चुकला असता. त्याऐवजी त्या शेतकऱ्याच्या हाती रोकड कोणत्या महिन्यात येते, मोडलेले अवजार कोण सांधतो व त्याला काय मिळते, घरी पाहुणा आल्यास त्याच्यापुढे काय ठेवतात, हे प्रश्न विचारले असते, तर नांगर का अडला आणि चहा कसा आत आला याचा सुगावा त्या उत्तरांतून लागला असता. डॉ. मान यांची पिंपळे सौदागरची पाहणी शंभर वर्षांनंतरही वाचनीय राहिली आहे, कारण तीत मतांपेक्षा धारणक्षेत्र, कर्ज व प्रत्यक्ष खर्च यांच्या नोंदी अधिक आहेत. त्या गावाचा आज शहरात समावेश झाला असून तेथे नांगरटीस जमीन फारशी उरलेली नाही. परंतु त्याच पद्धतीने तपासावीत अशी गावे व वस्त्या आपल्या प्रदेशात पुष्कळ आहेत.